खरोखर विकायला निघालेला घरमालक कसा शोधायचा: पुण्यात रीसेल फ्लॅट घेणाऱ्या नवख्यांसाठी क्रमवार मार्गदर्शन

गुंतवणूक म्हणून पहिला रीसेल फ्लॅट घ्यायला निघालेले लोक भेटले की पहिला प्रश्न हमखास येतो, "स्वस्तात देणारी पार्टी कुठे मिळेल?" मग ते पोर्टलवर 'अर्जंट सेल' शोधतात, चार एजंटांना फोन करतात, आणि समोरच्याला पहिल्याच वाक्यात "शेवटचे किती?" विचारतात. महिनाभरात कंटाळतात, किंवा घाईने चुकीच्या माणसाच्या हातात टोकन देऊन बसतात.

चूक क्रमात आहे. आधी विकायचं कारण, मग त्या कारणाची तारीख, मग सह्या कोणाकोणाच्या लागतील ते, आणि किंमत सगळ्यात शेवटी. खालचे टप्पे याच क्रमाने लावले आहेत आणि ते पुणे महापालिका हद्दीतल्या सोसायटीच्या फ्लॅटपुरते आहेत. शेतजमीन आणि गुंठेवारीचे (शेतजमिनीचे छोटे तुकडे पाडून विकलेले) प्लॉट नवख्याने पहिल्या सौद्यात घेऊच नयेत. शेतकरी नसलेल्याला महाराष्ट्रात शेतजमीन सहसा घेता येत नाही, त्यात जमिनीचे फार लहान तुकडे विकू न देणारा तुकडेबंदीचा कायदा आहेच.

## टप्पा १: दार वाजवण्याआधी स्वतःची तयारी

घाईत असलेला माणूस किमतीत सूट देतो ती एकाच गोष्टीसाठी: पैसे ठरल्या दिवशी येतील या खात्रीसाठी. ती खात्री तुमच्याकडे नसेल तर तुम्ही त्याच्यासाठी इतर दहा बघ्यांसारखेच.

म्हणून आधी दोन आकडे कागदावर लिहा. आजपासून ३० दिवसांत तुम्ही किती रक्कम देऊ शकता आणि ९० दिवसांत किती. कर्ज काढणार असाल तर बँकेकडून मंजुरीपत्र आधीच आणा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के, ३० ते ७५ लाखांच्या कर्जात ८० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्के रक्कम कर्ज म्हणून मिळू शकते. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी त्या किमतीत धरत नाहीत. ती खिशातूनच जाते, आणि पुण्यात ती लहान रक्कम नाही.

दुसरी तयारी वकिलाची. सौदा ठरल्यावर वकील शोधायला निघालात तर आठवडा तिथेच जातो. आधीच एकाशी बोलून ठेवा: सर्च रिपोर्टची (मालकीच्या जुन्या नोंदी तपासून दिलेल्या अहवालाची) फी किती, किती वर्षांचा सर्च देणार (३० वर्षांचा मागा), आणि कागद दिल्यापासून किती दिवसांत.

तपासा: ३० दिवसांचा आकडा, मंजुरीपत्र, वकिलाचा नंबर. यातलं एकही नसेल तर पुढचा टप्पा सुरू करू नका.

## टप्पा २: एकच पट्टा धरा आणि तिथले भाव पाठ करा

कोथरूडपासून खराडीपर्यंत सगळीकडे शोधणाऱ्याला कुठलाच भाव नीट कळत नाही. पायी फिरता येईल एवढा पट्टा घ्या, पंधरा-वीस सोसायट्यांचा. उदाहरणार्थ, सिंहगड रस्त्यावर आनंदनगरच्या आजूबाजूचा भाग, किंवा कर्वेनगरच्या दोन-तीन गल्ल्या. एक वही करा, एका पानावर एक सोसायटी: बांधकामाचं साल, मजले, लिफ्ट आहे की नाही, पार्किंग, कन्व्हेयन्स झालंय का (जमीन बिल्डरकडून सोसायटीच्या नावावर आली का), पुनर्विकासाची बोलणी चालू आहेत का.

पुनर्विकासाचा रकाना सोडू नका. बिल्डरची प्रस्तावपत्रं आली की त्या सोसायटीत कोणालाच घाई उरत नाही. तिथे वेळ घालवणं व्यर्थ.

भावासाठी पोर्टलवरचे आकडे धरू नका, ते मागणीचे असतात. झालेल्या व्यवहारांचे आकडे नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्च या संकेतस्थळावर सूची क्रमांक २ मध्ये (नोंदलेल्या दस्ताचा सारांश) मिळतात. इथे नवखे हमखास अडतात, कारण ते गाव म्हणून 'कर्वेनगर' टाकतात आणि काही सापडत नाही. शोध महसुली गावाच्या नावाने करायचा असतो. कर्वेनगर म्हणजे हिंगणे बुद्रुक, सहकारनगर पर्वतीत येतं. तुमच्या पट्ट्यातल्या कोणत्याही जुन्या करारनाम्याच्या पहिल्या पानावर गाव आणि सर्व्हे नंबर असतो, तो टिपून घ्या.

सूची दोनमध्ये क्षेत्र बहुधा चौरस मीटरमध्ये असतं. १०.७६४ ने गुणलं की चौरस फूट. आणि ते कार्पेट (भिंतींच्या आतलं) आहे की बिल्टअप (भिंती धरून), ते वाचा. एजंट सांगतो तो 'सेलेबल' एरिया तिसराच असतो. तिन्ही एकाच पानावर मिसळले तर वहीचा उपयोग संपला. मी सगळं कार्पेटवर आणून लिहितो.

त्याच पानावर रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारने त्या भागासाठी ठरवलेला, दरही लिहा. तो टप्पा ७ मध्ये लागेल, आणि तिथे तो फार महाग पडू शकतो.

## टप्पा ३: कारणं ओळखायला शिका

'अर्जंट सेल' असं लिहिणाऱ्या जाहिराती वर्षभर तशाच राहतात. खऱ्या घाईला तारीख असते. जूनमध्ये मुलांची शाळा दुसऱ्या गावी सुरू होणार, पंधरा तारखेला नव्या फ्लॅटचा हप्ता भरायचा, मुलगी दिवाळीत सुट्टीवर येऊन परत जाणार. तारीख नसेल तर घाई नाही, आणि घाई नसेल तर तो माणूस फक्त भाव चाचपतोय.

पुण्यात मला वारंवार दिसलेली कारणं अशी.

नवा फ्लॅट बुक केलेला. नवख्यासाठी सगळ्यात चांगला विक्रेता हाच. जुना टू बीएचके विकून थ्री बीएचकेचे हप्ते भरायचे असतात. स्लॅब पडत जातात तशी बिल्डरची मागणीपत्रं येतात. कागद बहुधा स्वच्छ, मालक हयात, सही एक-दोघांची. त्याला दोन गोष्टी हव्या असतात: ठरलेल्या तारखांना पैसे, आणि नव्या घराचा ताबा मिळेपर्यंत जुन्यात राहण्याची मुभा. ही मुभा तुम्ही देऊ शकलात तर किमतीवर तो फार ताणत नाही.

लिफ्ट नसलेल्या इमारतीतले वयस्क. चाळीसेक वर्षांपूर्वीच्या तीन मजली सोसायट्या कोथरूड, सहकारनगर, बिबवेवाडीत भरपूर आहेत. अशाच एका तिसऱ्या मजल्यावर मी गेलो होतो. दारातच एक प्लास्टिकची खुर्ची, आणि जिन्याच्या दुसऱ्या वळणावर तशीच आणखी एक. काकू म्हणाल्या, "ह्यांना वर चढताना दोनदा बसावं लागतं, म्हणून ठेवल्यात." घर विकायचं आहे हे त्यांनी कुठेही जाहीर केलेलं नव्हतं. जिन्यातल्या खुर्च्यांनी ते सांगितलं. अशा घरात घाई पैशाची नसते. त्यांना जवळच तळमजल्यावर किंवा लिफ्टच्या इमारतीत घर मिळवून देणारा माणूस हवा असतो. ते शोधून दिलंत तर सौदा तुमचा.

वारसांचं घर. आईवडील गेले, मुलं नाशिक, बंगळूर, अमेरिका अशी विखुरलेली. घर बंद, मेंटेनन्सची थकबाकी चढतेय, सोसायटीच्या उपविधींप्रमाणे त्यावर २१ टक्क्यांपर्यंत व्याज लागू शकतं. विकायची इच्छा खरी असते, पण सह्यांचा गुंता सगळ्यात मोठा. टप्पा ६ नीट वाचल्याशिवाय इथे हात घालू नका.

कर्ज थकलेलं. तीन हप्ते म्हणजे ९० दिवस थकले की खातं एनपीए, म्हणजे बुडीतकडे झुकलेलं, धरलं जातं. मग सरफेसी कायद्याची (बँकेला कोर्टात न जाता तारण ताब्यात घेऊ देणारा कायदा) ६० दिवसांची नोटीस येते. ती आल्यानंतर बँकेच्या लेखी संमतीशिवाय मालकाला घर विकता येत नाही. त्यामुळे मालकाशी एकट्याशी बोलणं करून काही साध्य होत नाही, बँकेचा अधिकारी पहिल्या दिवसापासून बैठकीत हवा. पहिला सौदा म्हणून मी हा सुचवणार नाही.

बदली, घटस्फोट, भाडेकरूंना कंटाळलेला परगावचा मालक ही कारणंही असतात. घटस्फोटात न्यायालयाचा आदेश किंवा दोघांच्या सह्या, दोन्हींपैकी एक हातात आल्याशिवाय थांबा.

सावध: म्हाडाच्या सोडतीतलं घर ५ वर्षं विकता येत नाही. "आत्ता कुलमुखत्यारपत्रावर घ्या, नंतर नावावर करू" असं कोणी म्हणालं तर तिथून उठा. अशा मुखत्यारपत्राने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केलं आहे.

## टप्पा ४: शोध कुठे घ्यायचा

फोनवर बसून होणारं हे काम नाही. आठवड्यातून दोन संध्याकाळी पट्ट्यातून पायी फिरा.

इस्त्रीवाला, दूधवाला आणि वॉचमन यांना कोणतं घर किती दिवस बंद आहे, कोण सामान बांधतंय हे आधी कळतं. त्यांच्याशी ओळख वाढवा, पण बोलणं सरळ ठेवा: "मला या भागात एक घर घ्यायचंय, कोणी विकणार असेल तर माझा नंबर द्या." त्यांनी मालकाचा नंबर परस्पर द्यावा अशी अपेक्षा धरू नका. तुमचा नंबर मालकापर्यंत जावा आणि त्याने स्वतः फोन करावा. तुमच्यापेक्षा त्याला गरज किती आहे, याची पहिली चाचणी तिथेच होते.

सोसायटीचे सेक्रेटरी दुसरे. थकबाकीदार कोण हे ते सांगणार नाहीत, सांगूही नये. पण "सोसायटीत कोणाला विकायचं असेल तर मी थेट घेणारा आहे, थकबाकीही व्यवहारातच चुकती होईल" हे ऐकल्यावर त्यांनाच तुमची आठवण राहते.

मराठी वर्तमानपत्रांतल्या जाहीर नोटिसा रोज वाचा. सभासद वारल्यावर सोसायटी वारसांकडून हरकती मागवते, मूळ करार हरवल्याची नोटीस वकील देतात, बँका ताब्याच्या नोटिसा देतात. तुमच्या पट्ट्यातला पत्ता दिसला की कात्रण वहीत चिकटवा. लगेच जाऊ मात्र नका. घरात कोणी गेलं असेल तर निदान दिवस-पाणी तरी होऊ द्या. बरीच कुटुंबं वर्षश्राद्ध झाल्याशिवाय घराचा विषयच काढत नाहीत, आणि तो त्यांचा हक्क आहे. त्या काळात दार वाजवणाऱ्याचं नाव पुऱ्या गल्लीत खराब होतं.

पोर्टलवर ताज्या जाहिराती सोडा. दोन महिन्यांपेक्षा जुन्या आणि किंमत किमान एकदा उतरवलेल्या शोधा. फोटोत घर रिकामं दिसत असेल तर वर खूण करा.

एजंटांना टाळण्याची चूक बरेच जण करतात. पट्ट्यातले दोन जुने एजंट निवडा, त्यांची दलाली पूर्ण आणि वेळेवर द्या, आणि त्यांना सांगा की तुटलेला सौदा आधी मला कळवा. समोरच्या ग्राहकाचं कर्ज नामंजूर झालं म्हणून मोडलेल्या व्यवहारातला विक्रेता सगळ्यात तयार असतो. त्याने मनाने घर सोडलेलं असतं, कागद काढलेले असतात, आणि दोन महिने वाया गेलेले असतात.

कधी: मार्च ते मे हा काळ बदल्यांचा आणि शाळांचा. पितृपक्षात लोक टोकन घेत नाहीत, पण बोलायला निवांत असतात. तेव्हा भेटी करा, सही दसऱ्याला होईल.

चूक: कोणाकडून तरी नंबरांच्या याद्या विकत घेऊन सरसकट फोन करणं. लोक चिडतात, आणि एवढ्याशा पट्ट्यात तुमचं नाव महिनाभरात जळतं.

## टप्पा ५: पहिलं बोलणं

पहिल्या भेटीत किंमत काढायची नाही. समोरच्याने काढली तर ऐकून घ्यायची, उत्तर द्यायचं नाही. चार प्रश्न, याच क्रमाने:

१. "घर छान ठेवलंय. विकायचा विचार कशामुळे आला?"
२. "मग नवीन ठिकाणी कधीपर्यंत जायचंय?"
३. "घर कोणाच्या नावावर आहे? कर्ज आहे का चालू?"
४. "पैसे एकरकमी हवेत की टप्प्याने चालतील?"

पहिल्या प्रश्नानंतर गप्प बसा. नवख्यांना हे जमत नाही, ते लगेच भिंतीतली ओल दाखवायला लागतात. ओल मालकाने तुमच्या आधी पाहिलेली असते. घराला नावं ठेवून किंमत उतरत नाही, माणूस दुखावतो. ज्या घरात त्यांच्या मुलांची बारशी झाली त्याबद्दल तुम्ही बोलताय.

उत्तरांत विसंगती येते का ते पाहा. "घाई आहे" म्हणणारा दुसऱ्या प्रश्नावर "बघू, भाव आला की" म्हणाला तर वहीत तीन महिन्यांनंतरची तारीख टाका आणि चहा घेऊन निघा. तीन महिन्यांनी पुन्हा एक फोन, एवढंच: "काका, मागे आलो होतो, झाला का काही निर्णय?" मला मिळालेली बरीच घरं पहिल्या नव्हे, तिसऱ्या-चौथ्या भेटीत बोलती झाली.

अडला हरी समोर असेल तेव्हा त्याला गाढवाचे पाय धरायला लावू नका. समोर नडलेलं कुटुंब असेल तर त्यांना त्यांचा स्वतःचा वकील घ्यायला सांगा. मी हे नेमाने सांगतो. त्यात तुमचाही बचाव आहे. "आम्हाला काही कळू न देता सह्या घेतल्या" असा दावा दोन वर्षांनी उभा राहिला तर स्वस्तात घेतलेलं घर कोर्टात अडकतं.

तपासा: कारण, तारीख, नावं, कर्ज. चारही उत्तरं वहीत आली तरच पुढे.

## टप्पा ६: सह्या मोजा

माझा पहिला सौदा इथेच फसला. विकणाऱ्या भावंडांतल्या थोरल्या भावाने घर दाखवलं, सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर त्यांचंच नाव होतं, मी १ लाखाचं टोकन दिलं. नंतर कळलं ते नॉमिनी होते. नाशिकची बहीण सही द्यायला तयार नव्हती, आणि तिचं म्हणणं रास्त होतं. तिला कोणी विचारलंच नव्हतं. माझे पैसे पाच महिन्यांनी परत आले.

नॉमिनी मालक नसतो. सोसायटी त्याचं नाव लावते, पण वारसांचा हक्क तसाच राहतो. मालक मृत्युपत्र न करता वारला असेल आणि फ्लॅट त्याच्या स्वकमाईचा असेल, तर हिंदू वारसा कायद्याने पत्नी, मुलगे, मुली आणि मृताची आई यांना समान वाटा जातो. ती आई, म्हणजे मुलांच्या आजी, हयात आहेत का, हा प्रश्न विचारायचा राहून जातो. आजी नंतर वारल्या असतील तर त्यांचा वाटा त्यांच्या इतर मुलांकडेही गेलेला असतो, म्हणजे काका-आत्यांच्या सह्या. मुलीचं लग्न झाल्याने तिचा हक्क जात नाही. आधी वारलेल्या भावाची बायको-मुलंही मोजा.

कागदावर झाड काढा: मृत व्यक्ती वर, खाली प्रत्येक वारस, नावापुढे हयात की मृत, कुठे राहतो, सही देणार का. प्रत्येकाशी स्वतः एकदा फोनवर बोला. "दादा बघतोय सगळं" हे उत्तर चालत नाही. इतरांनी नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून दिलं असेल तर त्याची प्रत घ्या.

वारस परदेशात असेल तर मुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित होऊन यायला हवं आणि भारतात पोचल्यापासून ३ महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरायला हवं. त्यात 'विक्री करणे, नोंदणीसाठी हजर राहणे, रक्कम स्वीकारणे' हे शब्द आहेत का ते वकिलाकडून वाचून घ्या.

कर्ज असेल तर बँकेचं येणेबाकीचं पत्र आणि तिच्याकडे असलेल्या मूळ कागदांची यादी मागा. मालकाने "कर्ज फेडलंय" सांगितलं तरी ई-सर्चवर गहाणाची सूचना आणि सेरसाईवर (गहाण मालमत्तांची केंद्रीय नोंदवही) नोंद बघा.

इथे थांबा: एक सही जरी अनिश्चित असेल तर किमतीचं बोलणंही सुरू करू नका. ठरलेली किंमत गावभर होते आणि अडून बसलेल्याचा भाव वाढतो.

## टप्पा ७: आता किंमत

'बाजारभावापेक्षा १० लाख स्वस्त' ऐकून नवखा हुरळतो. एक हिशोब मांडतो. दुरुस्त करून ६८ लाखांना जाईल असा फ्लॅट ५८ लाखांना मिळाला, कर्ज ४० लाख, आठ महिन्यांनी विकायचा.

- खरेदी: ५८,००,०००
- मुद्रांक शुल्क, पुण्यात स्थानिक संस्था आणि मेट्रोचा अधिभार धरून ७ टक्के: ४,०६,०००
- नोंदणी फी, कमाल मर्यादा: ३०,०००
- वकील आणि सोसायटी हस्तांतरण: ५०,०००
- रंग, प्लंबिंग, वायरिंग, दोन बाथरूम: ३,५०,०००
- खरेदीची दलाली १ टक्का: ५८,०००
- आठ महिन्यांचा मेंटेनन्स: २४,०००
- ४० लाखांवर ९ टक्क्यांनी आठ महिन्यांचं व्याज: २,४०,०००

एकूण ६९,५८,०००. विकताना दलाली वेगळी. म्हणजे दहा लाख 'स्वस्त' घेऊन सव्वादोन लाखांचा तोटा. नफा झालाच तरी २४ महिन्यांच्या आत विकल्यास तो तुमच्या नेहमीच्या उत्पन्नात मिळून स्लॅबप्रमाणे कर लागतो. म्हणून झटपट विक्रीचा नाद नवख्याने सोडावा आणि भाड्याने देऊन काही वर्षं ठेवायच्या हिशोबाने घ्यावं. घर फक्त महिलेच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे, पण त्या सवलतीसाठी नाव लावणं आणि मालकी खरोखर तिची असणं यातला फरक घरात आधी बोलून घ्या.

सोसायटी हस्तांतरण अधिमूल्य (फ्लॅट नव्या मालकाच्या नावावर करताना सोसायटी घेते ती रक्कम) महापालिका हद्दीत २५,००० पेक्षा जास्त घेता येत नाही. 'देणगी'च्या नावाने जास्त मागतात. ते विक्रेत्याशी आधीच ठरवा.

आता रेडी रेकनर. मुद्रांक शुल्क करारातली किंमत आणि रेडी रेकनरची किंमत यांत जी जास्त असेल तिच्यावर लागतं, हे बहुतेकांना माहीत असतं. पुढचं माहीत नसतं. रेडी रेकनरने ६० लाख होणारं घर तुम्ही ५२ लाखांना घेतलंत, तर फरक ८ लाख. तो व्यवहाराच्या किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा, म्हणजे ५.२ लाखांपेक्षा जास्त आहे. मग पूर्ण ८ लाख तुमचं उत्पन्न धरून त्यावर प्राप्तिकर लागतो. विक्रेत्याचाही भांडवली नफा ६० लाखांवरच मोजला जातो. स्वस्त घेण्याची खालची हद्द अशी कायद्यानेच आखलेली आहे. प्रस्ताव देण्याआधी रेडी रेकनरचं मूल्यांकन करून घ्या. दरवर्षी १ एप्रिलला दर बदलू शकतात, म्हणून मार्चअखेर नोंदणी कार्यालयात झुंबड असते.

या कोंडीवर "थोडं रोखीत करू" असा तोडगा कोणी सुचवेल. नाही म्हणा. मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० किंवा जास्त रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड आहे, आणि दिलेली रोख तुम्हाला पुढे कधीच खर्चात दाखवता येत नाही.

प्रस्ताव देताना एकच आकडा सांगू नका, दोन पर्याय ठेवा. "५८ लाख, पूर्ण रक्कम ४५ दिवसांत. किंवा ६० लाख, पण दोन महिने तुम्ही इथेच बिनभाड्याने राहा, शेवटची रक्कम किल्लीच्या दिवशी." माणूस कोणता निवडतो त्यावरून त्याची खरी गरज कळते.

## टप्पा ८: टोकन ते किल्ली

टोकन लहान ठेवा, चेकने किंवा बँकेतून, आणि सर्व मालकांच्या सह्यांची विसार पावती (टोकन मिळाल्याची पावती) घ्या. त्यात चार गोष्टी हव्यातच: सर्च रिपोर्ट स्वच्छ न आल्यास किंवा कर्ज नामंजूर झाल्यास टोकन किती दिवसांत परत, साठेखताची (पुढे विकण्याच्या कराराची) तारीख, सध्याची थकबाकी कोण भरणार, घरातलं काय काय राहणार. मॉड्युलर किचन आणि गिझर यावरून शेवटच्या दिवशी भांडणं झालेली मी पाहिली आहेत.

घर गहाण असेल तर तुमच्या रकमेचा पहिला भाग विक्रेत्याला देऊ नका, त्याच्या कर्जखात्यावर भरा. वैयक्तिक गृहकर्ज बदलत्या व्याजदराचं असेल तर मुदतपूर्व फेडीचा आकार लागत नाही. कर्ज फिटल्यापासून ३० दिवसांत बँकेने मूळ कागद परत द्यायचे असतात. उशीर बँकेच्या बाजूने झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाईचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. हे ३० दिवस तुमच्या वेळापत्रकात आधीच धरा.

किंमत किंवा रेडी रेकनर मूल्य ५० लाख किंवा जास्त असेल तर १ टक्का टीडीएस कापून भरणं तुमचं काम. विक्रेते अनेक असले तरी मर्यादा पूर्ण घरासाठी मोजतात. एक जरी विक्रेता अनिवासी असेल तर त्याच्या वाट्याला हा १ टक्का लागू नाही, कपात कितीतरी जास्त असते. त्याने प्राप्तिकर खात्याकडून कमी कपातीचं प्रमाणपत्र आणलं तर आकडा खाली येतो, पण त्याला वेळ लागतो. कमी कापलंत तर खातं तुम्हाला धरेल. या एका कामासाठी सीएची फी द्या.

साठेखत किंवा खरेदीखत सह्या झाल्यापासून ४ महिन्यांच्या आत नोंदवावं लागतं. मी सही आणि नोंदणी एकाच दिवशी करतो. आदल्या संध्याकाळी मालमत्तेचं वर्णन मोठ्याने वाचून घ्या: सर्व्हे नंबर, फ्लॅट नंबर, मजला, क्षेत्र, पार्किंग. टंकलेखनातली एक चूक निघाली की चूकदुरुस्ती लेखासाठी सगळ्या वारसांना पुन्हा गोळा करावं लागतं.

विक्रेता काही दिवस राहणार असेल तर ताब्याची तारीख करारात लिहा आणि शेवटची एक रक्कम, मी २ लाख ठेवतो, किल्लीसाठी राखून ठेवा. किल्ली घेताना वीज मीटरचा आकडा, शेवटची बिलं, सोसायटीची येणेबाकी नसल्याची पावती, सगळ्या खोल्यांचे फोटो, आणि कुलपाच्या जेवढ्या किल्ल्या असतील तेवढ्या. शेजारच्यांकडे एक जास्तीची किल्ली ठेवलेली असते, ती विचारून घ्या.